डाग कुठेच नाही, तरी कूलंट कमी होते आणि घाटात इंजिन तापते. गळती कशी शोधावी?

घाट चढताना तापमानाचा काटा वर जातो, दर आठवड्याला कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) भरावे लागते, पण गाडीखाली डाग पडत नाही, असे आपण लिहिले आहे. आधी कळकळीची विनंती: इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. आतील द्रव दाबाखाली असल्यामुळे १०० अंशांपलीकडेही उकळत नाही. झाकण सैल होताच मात्र तो उसळतो आणि गंभीर भाजते.

थंड इंजिनात पातळी भरून मेकॅनिककडून प्रेशर टेस्ट करून घ्यावी. हातपंपाने झाकणावर छापलेल्या मर्यादेइतका दाब भरल्यावर पंपावरील दाबाचा काटा हळूहळू उतरू लागला, तर होज पाइपचे जोड, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाक्यांच्या कडा आणि वॉटर पंपाचे लहान छिद्र येथे वाळलेल्या कूलंटचे पांढरट किंवा रंगीत ओघळ शोधावेत. गरम भागावर पडलेला थेंब तिथेच वाळतो, म्हणून जमीन कोरडी राहते. पुढचे मॅट ओले असेल आणि गोडसर वास येत असेल, तर हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा, केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) तपासावा. झाकणाचीही चाचणी घ्यावी; ते स्वस्त असूनही अनेकदा दुर्लक्षिले जाते.

बाहेर काहीच न सापडल्यास हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिन ब्लॉक आणि सिलिंडर हेड यांच्यामधील सीलचा, संशय घ्यावा. इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून येत राहणारा पांढरा धूर, दुधाळ झालेले ऑइल किंवा थंड इंजिन सुरू करताच कडक होणारा होज, यांपैकी एकही खूण दिसली, तर गाडी चालवणे थांबवून ती टो करूनच गॅरेजमध्ये न्यावी.