सूत्रांच्या हवाल्याने हेरगिरी

प्रश्न : हेरगिरीच्या बातमीत ‘गुप्तचर सूत्रांनी सांगितले’ एवढंच असतं. नाव नाही, कागद नाही. अशा पत्रकारावर विश्वास ठेवायचा कसा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाव नाही म्हणून बातमी खोटी ठरत नाही. १९२३चा शासकीय गुपिते कायदा डोक्यावर असताना कुठला अधिकारी नावानिशी बोलेल? आधी हे बघा, की चोरीला गेली म्हणतात ती वस्तू मुळात होती का?

१९९४चं इस्रो प्रकरण आठवा. मालदीवच्या दोन महिलांमार्फत क्रायोजेनिक इंजिनाची (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाची) गुपितं विकली, अशा बातम्या मल्याळी वृत्तपत्रांत रकानेच्या रकाने भरून येत होत्या. नोव्हेंबरअखेर इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना अटक झाली. पण तेव्हा भारताकडे स्वतःचं क्रायोजेनिक इंजिनच नव्हतं! अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने १९९३ मध्ये ते तंत्रज्ञान द्यायला नकार दिला होता, ही छापून आलेली गोष्ट होती. देशी इंजिन लावलेलं यान यशस्वीपणे झेपावलं ते थेट जानेवारी २०१४ मध्ये. म्हणजे १९९३ची कात्रणं चाळली असती, तरी बातमीदाराला शंका यायला हवी होती. सीबीआयने १९९६ मध्ये आरोप निराधार ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ५० लाखांची भरपाई दिली.

मग सूत्रं मोजा. पाच पेपरांत तीच विशेषणं, तोच तपशील आणि नावाची तीच चूक दिसली, तर सूत्र एकच. बातमी पेरलेली असू शकते. कधी तर ती गोल फिरून परत येते. ८ सप्टेंबर २००२ला ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अमेरिकी अधिकाऱ्यांच्या हवाल्याने बातमी दिली, की इराक अणुबॉम्बच्या तयारीसाठी ॲल्युमिनियम नळ्या मिळवू पाहतोय. त्याच दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष चेनी यांनी टीव्हीवर त्याच बातमीचा दाखला दिला. नळ्या साध्या रॉकेटसाठी होत्या. मे २००४ मध्ये संपादकांनी आपल्या इराकविषयक वार्तांकनातल्या त्रुटी छापून मान्य केल्या.

प्रश्न : मग जाणकार बातमीदारसुद्धा फसतात कसे?

उत्तर : पुष्कळदा फसत नाहीत, गप्प बसतात. या बीटवर, म्हणजे बातमीदारीच्या या क्षेत्रात, माहितीची दारं दोन-तीनच; अधिकाऱ्याला उलट प्रश्न विचारला की तो दुसऱ्या दिवशी फोन घेत नाही. म्हणून बातमीदाराच्या नावाने छापलेल्या जुन्या बातम्या शोधा. आरोपी सुटल्याची बातमी त्याने त्याच ठळकपणे दिली होती का, ते बघा.