विचारा, सांगतो: गोदाघाट

प्रश्न: नाशिकला गोदावरीला पूर आला की ‘दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी’ अशी बातमी येते आणि शेजारी क्युसेकचे आकडे असतात. दोन्हींचा मेळ कसा घालायचा? – वाचक, सिडको

उत्तर: घाटावरची मारुतीची मूर्ती सांगते पातळी, क्युसेक सांगतो प्रवाह. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. 10,000 क्युसेकचा विसर्ग असेल, तर दर सेकंदाला जवळपास 2 लाख 83 हजार लिटर पाणी सुटतंय असं धरा. साधारण 11,574 क्युसेक दिवसभर सुरू राहिले की एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली गेलं.

आकडा कुठला आहे, ते आधी पाहा. शहराच्या वरच्या अंगाला असलेल्या गंगापूर धरणाचा विसर्ग वेगळा, शहरातल्या होळकर पुलाखालचा वेगळा. धरणाच्या खाली पडलेला पाऊस आणि नाल्यांचं पाणी मधेच नदीला मिळतं, त्यामुळे शहरात जोराचा पाऊस असेल तर पुलाखालचा आकडा मोठा निघतो. घाटावरच्यांनी पुलाचाच आकडा धरावा. धरणाचा आकडा उपयोगाचा आहे तो पुढच्या काही तासांच्या अंदाजासाठी. विसर्ग वाढवल्याची सूचना आली की टपऱ्या आणि गाड्या तेव्हाच हलवाव्यात, मारुतीचे पाय बुडायची वाट पाहू नये.

गुडघा, कंबर, छाती ही मोजणी नाशिककरांना पाठ आहे, पण दोन वेगळ्या वर्षांची तुलना तिच्यावरून करणं धोक्याचं. पात्रात काँक्रीट पडलं, गाळ साचला किंवा खालच्या पुलाशी झाडं-पानवेली अडकल्या, तर तेवढ्याच क्युसेकला पाणी जास्त चढतं. सराफ बाजाराजवळच्या सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं, तर मात्र पूर मोठाच.

प्रश्न: नारोशंकराची घंटा पोर्तुगीज आहे, हे खरं का? – वाचक, पंचवटी

उत्तर: हो, तिच्यावर 1721 साल आहे. मराठ्यांनी 1739 मध्ये वसई जिंकली, तेव्हाच्या लुटीतली ती मानली जाते. नारोशंकरांनी रामेश्वराचं हे देऊळ 1747 मध्ये बांधलं, म्हणजे घंटा देवळापेक्षा जुनी. देऊळ रामेश्वराचं, पण ओळखलं जातं बांधणाऱ्याच्या नावानं!

प्रश्न: सुंदरनारायणाच्या मूर्तीवर सूर्यकिरण पडतात, ते पाहायला कधी जावं? – वाचक, नाशिकरोड

उत्तर: 21 मार्चच्या आसपास, सूर्योदयाआधी पोचा. देऊळ 1756 चं, गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधलेलं, पूर्वाभिमुख. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र सारखी असते त्या दिवशी, सूर्य नेमका पूर्वेला उगवतो म्हणून किरणं थेट आत शिरतात. एकाच दिवसाचा हट्ट नको. सूर्याची उगवती रोज थोडीच सरकते, त्यामुळे आदल्या-दुसऱ्या दिवशीही चालेल. सप्टेंबरच्या विषुवदिनीही दिशा तीच, पण तेव्हा ढगांचा भरवसा नसतो.

तिथून होळकर पूल ओलांडून रामकुंडावर उतरा, मग कपालेश्वर. या महादेवासमोर नंदी नाही, हे मुलांना शोधू द्या. काळाराम शेवटी ठेवा. पूर्व दरवाजाशी थांबलात, तर 2 मार्च 1930 ला सुरू झालेल्या दलितांच्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाबद्दल मुलांना जरूर सांगा. आणि गाडी घेऊन येणार असाल तर बुधवार टाळा, घाटावर आठवडे बाजार असतो.