वाचकांचे प्रश्न : उरलेल्या फाइली

प्रश्न : खानापुरात आमचे डीटीपीचे दुकान आहे. पावसाळ्यात वीज गेली की संगणक बंद पडतो आणि लग्नपत्रिकांच्या फोल्डरमध्ये नागमोडी रेघ व डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या फाइली उरतात. त्या पुसाव्यात का?

उत्तर : पुसाव्यात, पण घाई करू नये. ती लपलेली फाइल म्हणजे तुमचा मजकूर नव्हे. पत्रिका कोणी उघडली आहे याची ती वर्डने ठेवलेली नोंद असते, जी एरवी आपोआप नाहीशी होते आणि मागे राहिल्यास मूळ फाइल अडवून धरते. आधी वर्ड उघडून परत मिळालेला मजकूर जतन करा, कारण वर्ड अधूनमधून आपोआप जतन करत असलेल्या एएसडी (.asd) प्रकारच्या फाइलींत तुमचे कष्ट शिल्लक असू शकतात. मग दुकानातील सर्व संगणकांवर वर्ड बंद असल्याची खात्री करूनच ती नोंद पुसा.