वाचकांचे प्रश्न : दुब्रोव्निक १९५० आणि युगोस्लाव्हियाचे सुवर्ण

प्रश्न : १९५० च्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या स्पर्धेत, युगोस्लाव्हिया पहिला आला, पण त्या स्पर्धेत सोव्हिएत संघ उतरलाच नव्हता. मग ते विजेतेपद कितपत खरे मानावे?

उत्तर : ते पूर्णपणे खरे मानावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सोव्हिएत संघ खेळला असता तर बहुधा तोच जिंकला असता, हे नाकारण्याचे कारण नाही. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याच वर्षी प्रथमच जाहीर केलेल्या २७ ग्रँडमास्टरांपैकी (बुद्धिबळातील सर्वोच्च किताबाचे मानकरी) ११ जण सोव्हिएत होते आणि विश्वविजेता बोटविनिक त्यांचाच होता. मात्र त्यापूर्वीच्या एकाही ऑलिंपियाडमध्ये सोव्हिएत संघ खेळलेला नव्हता. १९२७ मध्ये लंडनला सुरू झालेल्या या स्पर्धेचे पहिले आठ विजेते त्याच्याशी न खेळताच विजेते ठरले आणि त्यांच्या यशावर कोणी शंका घेत नाही. मग नवव्या विजेत्यालाच वेगळा न्याय का लावावा?

अनुपस्थितीचे कारण राजकीय होते. १९४८ मध्ये युगोस्लाव्हियाचा नेता टिटो आणि सोव्हिएत नेता स्टालिन यांच्यात फूट पडली, युगोस्लाव्हियाला कॉमिन्फॉर्म या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेतून काढून टाकण्यात आले, आणि दोन वर्षांनी युगोस्लाव्हियातील दुब्रोव्निक हे यजमान शहर ठरले तेव्हा मॉस्कोसह पूर्व युरोपातील सोव्हिएत मित्रदेशांनी आपले संघ पाठवले नाहीत. त्यामुळे पहिली दोन ऑलिंपियाड जिंकणारा हंगेरी आणि १९३० चा विजेता पोलंडही तेथे नव्हते, ही उणीव मोठी होती हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही जे १६ संघ आले, ते दुबळे नव्हते. अमेरिकेच्या पहिल्या पटावर, म्हणजे संघातील सर्वांत बलवान खेळाडूच्या जागी, रेशेव्हस्की होता, नेदरलँड्सच्या पहिल्या पटावर माजी विश्वविजेता यूवे, आणि अर्जेंटिनाच्या पहिल्या पटावर नायडॉर्फ, ज्याने १९३९ मध्ये पोलंडकडून खेळताना ब्वेनोस आयरेसला महायुद्धाची बातमी ऐकली आणि जो नंतर तेथेच स्थायिक झाला. दुब्रोव्निकमध्ये त्याने १४ डावांत एकही न हरता ११ गुण मिळवले. हे तिघेही त्या पहिल्या यादीतले ग्रँडमास्टर होते. याउलट ग्लिगोरिच, पिर्त्स, त्रिफुनोविच, राबार, विदमार (धाकटे) आणि पुत्स या सहा यजमान खेळाडूंपैकी एकाचेही नाव त्या यादीत नव्हते. मला तरी या स्पर्धेतील सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते.

मग ते जिंकले कसे? त्या काळी क्रमवारी सामने किती जिंकले यावर ठरत नसे. चारही पटांवरील डावांचे गुण एकत्र मोजले जात, डाव जिंकल्यास एक आणि बरोबरीत सुटल्यास अर्धा. प्रत्येक संघ उरलेल्या पंधराही संघांशी खेळला, म्हणजे कमाल गुण ६०. अशा पद्धतीत दुबळ्या संघाला अडीच-दीडने हरवणे पुरेसे ठरत नाही, आणि पहिल्या पटावरचा एकटा तारा संघाला तारून नेऊ शकत नाही. खालच्या पटांवरून रोज गुण यावे लागतात. राबारने चौथ्या पटावर आठ डाव जिंकून आणि दोन बरोबरीत सोडवून नेमके तेच केले. अमेरिकेचा १८ वर्षांचा राखीव खेळाडू इव्हान्स यानेही तितकीच कमाई केली, पण त्याच्या संघातील इतरांकडून तेवढी साथ न मिळाल्याने अमेरिका चौथी राहिली. अंतिम गुण असे : युगोस्लाव्हिया ४५½, अर्जेंटिना ४३½, पश्चिम जर्मनी ४०½, अमेरिका ४०.

हे यश योगायोगाचे असते तर सोव्हिएत संघ मैदानात उतरताच ओसरले असते. १९५२ मध्ये हेलसिंकीला तो प्रथम उतरला आणि जिंकला. अर्जेंटिना दुसरी, युगोस्लाव्हिया तिसरा. त्यानंतरही १९६४ पर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपियाडमध्ये युगोस्लाव्हियाने पदक मिळवले. म्हणजे १९५० धरून सलग आठ.

प्रश्न : ‘दुब्रोव्निक मोहरे’ म्हणून ओळखला जाणारा बुद्धिबळाचा संच याच स्पर्धेतला का?

उत्तर : होय, तो याच ऑलिंपियाडसाठी घडवण्यात आला. त्यातील राजाच्या मुकुटावर नेहमीचा क्रॉस नाही, आणि मोहऱ्यांची घडण भक्कम, नक्षीकाम बेताचे आहे, त्यामुळे कित्येक तासांच्या डावातही पट वाचताना डोळ्यांना त्रास होत नाही. पुढे विश्वविजेता झालेल्या अमेरिकेच्या बॉबी फिशरला हा संच फार आवडत असे.