नगरपरिषदेचं जुनं व्यापारी संकुल पाडून नवं बांधणार आहेत. गाळेधारकांनी संमतीपत्रावर सही करण्याआधी काय तपासावं?

तुम्ही दिलेली माहिती अशी: कोकणातलं नदीकाठचं शहर, बाजारपेठेच्या मधोमध नगरपरिषदेचं ४० वर्षांपूर्वीचं दुमजली संकुल, ६४ गाळे, वरच्या मजल्याचे निम्मे बंद, स्लॅबचे पोपडे पडतायत. चार मजली नव्या इमारतीचं रंगीत चित्र दाखवून संमतीपत्रं गोळा करणं चालू आहे.

चित्र तूर्त बाजूला ठेवा. चार मजले बाजाराच्या गरजेतून आलेले नसतात, चटईक्षेत्राच्या, म्हणजे जागेवर एकूण किती बांधता येतं त्याच्या, हिशेबातून आलेले असतात. वरचे गाळे दीर्घ मुदतीने देऊन खालच्यांचा खर्च काढायचा, असा तो हिशेब. तुमच्याकडे आजच पहिल्या मजल्याला गिऱ्हाईक नाही, तर तिसऱ्याला कुठून येणार? ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीत (ठेकेदार बांधतो, गाळे देऊन खर्च काढतो, मग इमारत नगरपरिषदेला देतो) काम बहुतेक इथेच अडतं. पुढच्या बाजूच्या गाळ्यांच्या अनामती आल्या की सांगाडा उभा राहतो, वरचे गाळे जात नाहीत, पैसा आटतो आणि गंजत्या सळया आभाळाकडे बघत राहतात. म्हणून अनामत स्वतंत्र खात्यात राहील, ठेकेदाराला टप्प्यानुसारच मिळेल आणि त्याची बँक हमी ताबा मिळेपर्यंत चालू राहील, हे निविदेतच असायला हवं. वर काय चालतं? पतसंस्था, दातांचा दवाखाना, शिकवण्या, शिवणकाम, विमा एजंट. नगरपरिषदेने स्वतःची करवसुली खिडकी वर नेली तरच माणसं जिना चढतात.

इमारत खरंच पाडायच्या लायकीची आहे का, हे स्ट्रक्चरल ऑडिटच्या, म्हणजे अभियंत्याने केलेल्या मजबुतीच्या तपासणीच्या, कागदावरच ठरू द्या. नुसता हातोडी मारून दिलेला अहवाल घेऊ नका. त्यात अल्ट्रासॉनिक चाचणी (ध्वनिलहरींनी काँक्रीटची तपासणी), काँक्रीटचे कोअर (कापून काढलेले नमुने), कार्बोनेशनची खोली (हवेमुळे काँक्रीट किती आतवर कमजोर झालं), क्लोराइडचं म्हणजे मिठाचं प्रमाण आणि हाफ-सेल वाचन (सळई गंजतेय का ते सांगणारं विजेच्या दाबाचं मोजमाप) असलं पाहिजे. हाफ-सेलचं वाचन उणे ३५० मिलीव्होल्टच्या खाली गेलं, तर त्या जागी सळई गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. क्लोराइडची मर्यादा आयएस ४५६ (काँक्रीटचं भारतीय मानक) प्रमाणे घनमीटरला ०.६ किलो. त्या काळच्या बांधकामात एम १५ दर्जाचं, म्हणजे आजच्या मानाने कमी ताकदीचं, काँक्रीट सर्रास असे, आणि किनाऱ्यावर खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ आतच बसलेलं असतं. अशा ठिकाणी पोपडा काढून नवा गिलावा मारला की दोन पावसाळ्यांत त्या ठिगळाच्या कडेने नवा तडा येतो. ठिगळाखालची सळई वाचते, शेजारची आणखी वेगाने गंजते. क्लोराइड मर्यादेत असेल आणि सळईचा व्यास फारसा घटला नसेल, तर मात्र जॅकेटिंग (खांब-तुळयांभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचा थर) करून इमारत अजून बरीच वर्षं टिकते. तो पर्याय किमतीसह लेखी मागा. नगरपरिषद अधिनियमाच्या कलम १९५ ची धोकादायक इमारतीची नोटीस निघाली असेल तर खाली करण्यावरून वाद घालू नका, पण गाळ्याचं मोजमाप लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नका. ते तासाभराचं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं, पुराची रेषा. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल रेषा असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. २०२० पासून लागू असलेल्या युनिफाइड डीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे या दोन रेषांमध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं. निळ्या रेषेच्या आत तर फक्त जुन्या अधिकृत इमारतीचाच पुनर्विकास होऊ शकतो, तोही याच उंचीवर आणि जलसंपदाच्या ना-हरकतीने. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं ते आठवलं, तर या नियमाला नावं ठेवता येत नाहीत. राजापूरच्या जवाहर चौकाला आणि महाडच्या बाजारपेठेला तर हे सांगायलाच नको.

पण व्यापाराच्या दृष्टीने याचा अर्थ काय ते हिशेबाने पाहा. समजा रस्त्याची पातळी ६.२० मीटर आणि लाल रेषा ९.१०. जोतं येणार ९.५५ वर, म्हणजे रस्त्यापासून ३.३५ मीटर. पंधरा सेंटिमीटरची पायरी धरली तर २३ पायऱ्या. १:१२ चा उतार करायचा तर ४० मीटर लांब, मधले थांबे वेगळे. तुमचा ‘तळमजल्याचा’ गाळा आता खरं तर पहिल्या मजल्यावर गेला. किराणावाल्याचं गिऱ्हाईक पिशवी घेऊन २३ पायऱ्या चढत नाही, शेजारच्या रस्त्यावरच्या दुकानात जातं. म्हणून आर्किटेक्टला पहिला प्रश्न विचारा: रस्त्यापासून जोतं किती मीटर? दीड मीटरच्या वर उत्तर आलं तर माझं मत पाडण्याच्या विरोधात, किंवा निदान तुमच्याच जुन्या जागेचा आग्रह सोडण्याच्या बाजूने. पाडायचंच ठरलं तर खालचा उघडा भाग नुसत्या गाड्यांना देऊ नका. तिथे भाजी आणि मासळीचे ओटे ठेवा. पूर आला तर धुऊन निघतात, नुकसान थोडं. मासळीवाल्या बायकांना वर चढवलेलं बांधकाम टिकत नाही, त्या आठवड्याभरात रस्त्यावर येऊन बसतात आणि त्यांचं बरोबरच असतं. एक सांभाळा: खाली नुसते खांब आणि वर भिंतींचं वजन ही भूकंपात सगळ्यात कच्ची रचना. भूकंपाचं कोयना घाटापलीकडेच आहे, म्हणून आयएस १३९२० या भूकंपरोधक बांधकामाच्या मानकाप्रमाणे सळईचं काम झालंय का ते बघा. मीटर खोली आणि जनित्र लाल रेषेच्या वरच. खाडी जवळ असेल तर सीआरझेडचा (किनारा नियमन क्षेत्राचा) मंजूर नकाशाही काढा. २०१९ च्या अधिसूचनेत खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांत जे कमी ते धरलंय.

गाळा तुमचा आहे हे कशावरून? ‘वडिलांपासून आहे, कोण काढणार’ इथे चालत नाही. नगरपरिषदेच्या मालकीच्या जागेला भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागूच नाही, कलम ३ मध्ये तशी सूट आहे. तुमचा आधार फक्त करार आणि पावत्या. मूळ गाळेधारक वारले असतील तर वारसनोंद आत्ताच करून घ्या. सगळ्यात गुंता पोटभाडेकरूंचा. म्हणून सर्व गाळ्यांचा एकाच दिवशी पंचनामा व्हावा: गाळ्यात कोण बसतो, चटईक्षेत्र किती, शटर कोणत्या रस्त्याकडे, वीजबिल आणि दुकान नोंदणी कोणाच्या नावावर. यादी ठरावाला जोडली गेली की नंतर नावं घुसत नाहीत. संमतीपत्रात ‘पर्यायी गाळा देण्यात येईल’ एवढंच असेल तर सही करू नका. गाळा क्रमांक, मजला, शटरची दिशा, चटईक्षेत्र, भाड्याचं सूत्र, जुन्या अनामतीचं काय, ताब्याची तारीख आणि ती चुकली तर दंड, हे सगळं नोंदणीकृत करारात हवं.

तात्पुरते गाळे कुठे, हेही आधी. ८ बाय १० फुटांचे ६४ गाळे म्हणजे ५,१२० चौरस फूट. मधली वाट आणि संडास धरून दीडपट करा, सुमारे ७,७०० चौरस फूट, म्हणजे ७ गुंठे. ही जागा बाजारापासून चालत पाच मिनिटांच्या आत नसेल तर गिऱ्हाईक सुटतं. पत्रे हुकांनी घट्ट हवेत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात नुसत्या खिळ्यांवर बसवलेले पत्रे राहिले नाहीत.

नव्या इमारतीचं काँक्रीट एम ३०, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (काँक्रीटचं आवरण), पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत. किनाऱ्याच्या हवेसाठी आयएस ४५६ हेच सांगतं. शटरपुढे किमान दोन मीटरची पडवी मागा. नाहीतर पहिल्याच झडीत सगळे निळ्या ताडपत्र्या बांधतील आणि रंगीत चित्राची शोभा तिथेच संपेल.

गाळे खाली करायचे ते दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. गणपती आणि दिवाळीचा धंदा हातात येतो, आणि जोतं मे अखेरपर्यंत बाहेर काढायला सहा महिने मिळतात. एप्रिलमध्ये पाडायला घेतलं तर जूनमध्ये खड्ड्याचं तळं होतं, शेजारची भिंत खचते आणि काम ऑक्टोबरपर्यंत बंद. निविदेला उशीर झाला तर सरळ पुढच्या नोव्हेंबरची वाट पाहा. नोव्हेंबरात सुरू झालं तरी दोन गणपती पत्र्याच्या शेडमध्ये जातील, असंच धरून माल भरा.