जुन्या जनगणनेत पणजोबांचं नाव सापडेल का?

थोडक्यात, नाही सापडणार. इंग्लंडमध्ये 1921 च्या जनगणनेचे घराघराचे कागद ऑनलाईन बघता येतात म्हणून आपल्याकडेही असेल असं वाटतं, पण आपल्या 1948 च्या जनगणना कायद्याच्या कलम 15 मुळे व्यक्तीची नोंद कुणालाच दाखवत नाहीत, जुन्या अहवालांत नुसते गावांचे, जातींचे आकडे. लग्नाचं म्हणाल तर पणजोबांच्या काळात रजिस्टर कोण करत होतं, अक्षता पडल्या की झालं! (गोव्याचे असाल तर नशीबवान, तिकडे पोर्तुगीज काळापासून लग्नाची सरकारी नोंद आहे, चर्चची रजिस्टरं तर त्याहून जुनी.)

मग काय करायचं तर आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून मूळ गाव आणि जुनं आडनाव पक्कं करा, कारण आडनावं बदललेली असतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. मग तहसीलला कोतवाल बुकाची नक्कल मागा, त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. बऱ्याचदा बाळाचं नाव नसतं, नुसतं अमक्याला मुलगा झाला एवढंच, आणि जुनी पानं मोडी लिपीत, म्हणजे वाचणारा शोधणं आलं. जमीन असेल तर जुने फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी) काढाच, वारस लावताना सगळ्या भावांची नावं येतात, विधवेचंसुद्धा.

आणि नाशिक-त्र्यंबकेश्वरला तुमच्या गावाचे तीर्थोपाध्याय कोण ते विचारा. त्यांच्या वहीत घरातलं कोण कधी येऊन गेलं ते पिढ्यानपिढ्या लिहिलेलं असतं, मी तर आधी तिथेच जाईन.