आजचा दर नको, दराची चाल विचारा

प्रश्न : ताई, मी आणि माझे मिस्टर दोघंही चाकणला नोकरी करतो. मोशीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत 52 लाखांचा टू बीएचके पसंत केलाय. आमच्या दोन्ही घरांत घरकर्ज घेणारे आम्हीच पहिले. 40 लाखांचं कर्ज लागेल. आमचा पगार ज्या सरकारी बँकेत होतो ती 7.60 टक्के सांगते, पण ‘महिनाभर लागेल’ म्हणते. बिल्डरच्या साइट ऑफिसमध्ये बसणारा गृहवित्त कंपनीचा माणूस 7.45 टक्क्यांनी आठ दिवसांत देतो म्हणतो. सोबत 1 लाख 10 हजारांचा विमा आहे, तो कर्जातच बसवणार आहेत. वडील म्हणतात, गावच्या पतसंस्थेत ओळख आहे, तिथून घ्या. कुणाकडून घ्यावं?
— एक वाचक, मोशी

उत्तर : मी 31 वर्षं सरकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली, म्हणून माझं मत बँकेकडे झुकणार असं तुम्हाला वाटेल. त्यापेक्षा आधी आकडे बघा.

40 लाखांना 20 वर्षांसाठी 7.60 टक्क्यांनी हप्ता येतो साधारण 32,469 रुपये. 7.45 टक्क्यांनी 32,102. फरक महिन्याला 367 रुपयांचा. आता तो विमा बघा. 1 लाख 10 हजार कर्जात मिसळले की त्यांचाच हप्ता महिन्याला 883 रुपये पडतो आणि 20 वर्षांत त्याचे 2 लाख 12 हजारांच्या आसपास भरावे लागतात. म्हणजे स्वस्त दिसणारं कर्ज पहिल्याच महिन्यात महाग झालं. कर्जाइतकं विम्याचं छत्र दोघांवरही हवंच, पण ते सावकार देईल तेच घेतलं पाहिजे असं बंधन नाही. साधी टर्म पॉलिसी, म्हणजे ठरावीक मुदतीचा निव्वळ जीवनविमा, वेगळी घ्या, हप्ता वेगळा भरा. उद्या कर्ज दुसरीकडे हलवलंत तरी ती तुमच्याकडेच राहते.

पण माझी खरी काळजी वेगळीच आहे. तुम्ही मला आजचा दर कळवलात. तो पुढे कसा हलणार, हे दोघांपैकी कुणीच तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवी तरत्या दराची, म्हणजे वेळोवेळी दर बदलणारी घरकर्जं बाहेरच्या मापदंडाला बांधावी लागतात. बहुतेक बँकांनी त्यासाठी रेपो दर घेतलाय, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना कर्ज देते तो. रेपो हलला की निदान तीन महिन्यांतून एकदा तुमचा दर बदलावाच लागतो, वरही आणि खालीही. गृहवित्त कंपन्यांवर हे बंधन नाही. त्या आपला संदर्भ दर स्वतः ठरवतात.

यानं काय होतं ते मी घरातच पाहिलं. माझ्या भाच्यानं 2021 साली एका गृहवित्त कंपनीकडून 28 लाख घेतले, 6.95 टक्क्यांनी. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 मध्ये रेपो 4 वरून साडेसहावर गेला, तेव्हा त्याचा दर पत्रावर पत्र येत 9.40 झाला. हप्ता तेवढाच ठेवून कंपनीनं मुदत वाढवली. त्याला वाटलं, बरं झालं, हप्ता वाढला नाही. पुढे 2025 मध्ये रेपो सव्वा टक्क्यानं उतरला, फेब्रुवारीत साडेसहा होता तो डिसेंबरात सव्वापाचवर आला. भाच्याचा दर उतरला फक्त 0.40. एका रविवारी तो सगळी पत्रं घेऊन आला आणि आम्ही ती जेवणाच्या टेबलावर तारखेनं लावली. दर वाढल्याची सहा, कमी झाल्याचं एक. त्याच कंपनीच्या फलकावर नव्या ग्राहकाला 7.90 टक्के लिहिलेलं होतं आणि जुन्याला तो दर हवा असेल तर बदलाची फी मागत होते. मला फार राग आला. चार वर्षं एकही हप्ता न चुकवणारा मुलगा तो! शेवटी त्यानं कर्ज बँकेत हलवलं. तरत्या दराच्या घरकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही, त्यामुळे तो खर्च वाचला. पण नवी प्रोसेसिंग फी, वकिलाचा अहवाल आणि गहाणखताचं मुद्रांक शुल्क पुन्हा भरावंच लागलं.

तुमच्या 40 लाखांवर दर पाऊण टक्का कमी व्हायला हवा होता आणि झाला नाही, तर सुरुवातीच्या वर्षांत त्याची किंमत वर्षाला साधारण 30 हजार, म्हणजे महिन्याला अडीच हजार. ती 367 रुपयांच्या शेजारी ठेवून बघा.

सगळ्याच गृहवित्त कंपन्या वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे पगारपत्रक नाही अशा दुकानदाराला, रिक्षावाल्याला अनेकदा त्याच दारात उभं करतात. तुम्ही दोघंही पगारदार आहात, तुमच्यापुढे ती अडचण नाही.

वडिलांना माझा नमस्कार सांगा. पतसंस्थेतली ओळख अडीअडचणीला मोलाची असते, पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाहीत. मी वर सांगितलेलं आणि खाली सांगणार आहे त्यातलं कुठलंच संरक्षण तिथे हक्कानं मागता येणार नाही. 20 वर्षांच्या कर्जासाठी नको.

आता काय करायचं? दोघांकडूनही ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ (केएफएस) मागा, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा तक्ता. 1 ऑक्टोबर 2024 पासून ते द्यावंच लागतं, तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत. मराठीत मागायला संकोच करू नका. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो. प्रोसेसिंग फी, वकिलाचा खर्च, त्यांच्यामार्फत घेतलेला विमा असं सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो, ते तिथे दिसतं. तुलना त्याच आकड्याची करा. त्या अटी किमान तीन कामकाजाचे दिवस कायम ठेवाव्या लागतात, तेव्हा ‘आजच सही करा’ म्हणणाऱ्याला शांतपणे नाही म्हणा. दर रेपोला बांधलाय का, त्यावर स्प्रेड, म्हणजे रेपोच्या वर लावलेली जादा टक्केवारी, किती आणि दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत हे निवडायची संधी कशी देणार, एवढं ईमेलवर विचारा. ती संधी देणं त्यांना बंधनकारक आहे. मुदत आपोआप वाढू देऊ नका. झेपेल तेवढा हप्ताच वाढवून घ्या.

महिनाभर लागेल म्हणून घाबरू नका. बँकेचा वकील त्या महिन्यात जमिनीचे जुने व्यवहार आणि बिल्डरचे कागद तपासतो, मूल्यांकन करणारा जागेवर जाऊन येतो. पहिल्यांदा घर घेणाऱ्याला ही तपासणी फार उपयोगाची. साइट ऑफिसमधल्या माणसाला घाई असते, कारण त्याचं काम फ्लॅट विकला गेला की पुढे सरकतं. बिल्डरला लेखी कळवा की कर्जमंजुरी अमुक तारखेपर्यंत येईल. नोंदणीकृत कराराआधी त्याला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, तेव्हा 5 लाख 20 हजारांच्या पुढे चेक देऊ नका. मात्र एकाच वेळी चार-पाच ठिकाणी अर्जही करू नका. प्रत्येक चौकशी सिबिलच्या अहवालात उमटते.

एक हिशेब तुमच्या पत्रात दिसला नाही, म्हणून विचारते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी कर्जात बसत नाही. 52 लाखांवर जीएसटी 2 लाख 60 हजार. मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 3 लाख 64 हजार, पण फ्लॅट फक्त तुमच्या नावावर घेतलात तर 6 टक्क्यांनी 3 लाख 12 हजार. नोंदणी 30 हजार. फ्लॅटसाठीचे स्वतःचे 12 लाख धरून तुम्हाला 18 लाखांच्या वर हातात लागतील, तेही फर्निचर सोडून. कमी पडले तर ‘पर्सनल लोनमध्ये बसवून देतो’ असं कुणीतरी म्हणेल. ते मान्य करू नका. घराचा व्यवहार सहा महिने पुढे गेला तरी चालेल.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत द्यावे लागतात, उशीर त्यांच्यामुळे झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पण त्यासाठी आज काय जमा केलंत याची सही-शिक्क्याची यादी तुमच्याकडे हवी. ती मागायला बहुतेक जण विसरतात.

दोन्ही केएफएस हातात आली की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी शेजारी शेजारी ठेवून बघेन आणि काय वाटतं ते कळवेन.